पुण्यात नक्की कुठे?

आमच्या आज्जीच्या मते २०२५ साली मी चार महिने अमेरिकेत होतो. मी होतो टोरांटोला. फोनवर दर रविवारी हा संवाद व्हायचा:

"आज्जी, अगं अमेरिका नाही. कॅनडा."

"आमेरिकेतच हाय न्हवं त्ये?"

"नाही गं. वेगळा देश आहे. अमेरिकेच्या वर."

"वर म्हंजी? डोंगरावं?"

"नकाशात वर."

"मंग आमेरिकाच की." आणि मग जेवलास का, थंडी किती, भाकरी मिळती का, वगैरे.

खरं सांगायचं तर आज्जीचं काही फारसं चुकत नाही. भूगोलाच्या पेपरात 'कॅनडा कोणत्या खंडात आहे?' असा प्रश्न आला तर 'उत्तर अमेरिका' असंच लिहून आपण एक मार्क घेतलाय. पुण्यात राहणारा जसा भारतीय आणि आशियाई दोन्ही असतो, तसा टोरांटोत राहणारा कॅनेडियन आणि अमेरिकन दोन्ही का नसावा? तर्काला धरून आहे. फक्त हा तर्क कुठल्याही कॅनेडियन माणसाला ऐकवू नका. मी ऐकवलाय, म्हणून सांगतोय.

झालं असं की २०१९ मध्ये इंजिनियरिंग संपवून मी हिंजवडीत चिकटलो आणि वर्षभरात टोरांटोच्या एका क्लायंटच्या प्रोजेक्टवर जाऊन पडलो. तिकडचा आमचा लीड पंचेचाळिशीचा, शांत, मेलच्या शेवटी नेमाने 'थँक्स' लिहिणारा माणूस. २०२० च्या ऑक्टोबरात मी मोठ्या हुशारीने एक डिप्लॉयमेंट सोमवारी, १२ तारखेला ठेवलं. लीड म्हणाला, त्या दिवशी सुट्टी आहे, थँक्सगिव्हिंग. मी म्हटलं, "पण तुम्हा अमेरिकन लोकांचं थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरात असतं ना?"

कॉलवर शांतता. नेट गेलं की काय म्हणून मी स्क्रीनकडे बघितलं. नेट होतं.

मग तो तितक्याच शांतपणे म्हणाला, "हो. अमेरिकन लोकांचं नोव्हेंबरातच असतं."

संपलं. आवाज चढला नाही, मेल गेली नाही, एस्कलेशन झालं नाही. पण पुढच्या दोन दिवसांत टीममधल्या तीन वेगवेगळ्या लोकांनी मला खाजगीत सांगितलं की बाबा रे, हे परत म्हणू नकोस. (आपल्याकडे एखाद्याची जात चुकीची ओळखली की जो प्रकार होतो, साधारण तसा.) मी माफी मागितली, डिप्लॉयमेंट मंगळवारी केलं, आणि विषय डोक्यातून गेला.

परत आला तो थेट २०२५ मध्ये, जेव्हा मी जानेवारी ते एप्रिल टोरांटोला ऑनसाईट होतो. टायमिंग बघा. ट्रम्प दुसऱ्यांदा अध्यक्ष झालेले, रोज कॅनडा हे आमचं एक्कावन्नावं राज्य व्हावं असं काहीतरी बोलतायत, वरून टॅरिफ. ४ मार्चला ऑन्टारियोतल्या सरकारी दारूच्या दुकानांनी अमेरिकन दारू शेल्फावरून काढून टाकली. सुपरमार्केटमध्ये म्हातारी माणसं चष्मा वर करून टोमॅटोच्या डब्यावर 'कुठे बनलं' ते वाचत उभी. आणि सगळ्यात भारी म्हणजे काही कॅफेंनी 'अमेरिकानो' कॉफीचं नाव बदलून 'कॅनेडियानो' केलं. आत तेच, एस्प्रेसो आणि गरम पाणी. ऑफिसखालच्या कॅफेत मी सवयीने अमेरिकानो मागितली तर काउंटरवरच्या पोरीने गोड हसून विचारलं, "म्हणजे कॅनेडियानो ना?" मी म्हटलं हो हो, तीच. पैसे तेवढेच लागले.

मला आधी हे सगळं जरा पोरकट वाटलं. पण चार महिने त्यांच्यात राहिल्यावर, आणि हिवाळ्यात संध्याकाळी लवकर अंधार पडत असल्याने बाहेर काही करण्यासारखं नसल्यामुळे, मी वाचायला लागलो आणि लीडला पिडायला लागलो.

पहिली गंमत म्हणजे 'अमेरिका' हे नाव मुळात अमेरिकेचं नव्हतंच. १५०७ साली वाल्डझेम्युलर नावाच्या एका जर्मन नकाशेवाल्याने अमेरिगो वेस्पुचीच्या नावावरून ते नकाशात लिहिलं, आणि लिहिलं कुठे, तर दक्षिणेत, आज जिथे ब्राझील आहे त्या बाजूला. वरच्या खंडालाही ते नाव लागलं ते मर्केटरच्या १५३८ च्या नकाशात. म्हणजे मूळ हक्कदार दक्षिणेकडचे. मग १७७६ साली तेरा वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर करताना आपल्या नावात 'अमेरिका' घेतलं, आणि देशाला दुसरं सुटसुटीत नावच नसल्यामुळे अख्ख्या खंडाचं नाव हळूहळू एकट्याच्या खिशात गेलं. आपल्याकडे जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत 'संयुक्त संस्थाने' असं लिहीत. ते बरोबर होतं, पण तिथल्या माणसाला काय म्हणणार? संयुक्त संस्थानी? फ्रेंचमध्ये आणि स्पॅनिशमध्ये तसले शब्द आहेत म्हणे, आणि लोक ते वापरतातही. आपण मराठीत सरळ 'अमेरिकन' म्हणून मोकळे होतो.

दुसरी गोष्ट मला माहीत नव्हती. इंग्रजी बोलणारा कॅनडा बऱ्याच अंशी वसला तोच 'आम्हाला अमेरिकन व्हायचं नाही' म्हणणाऱ्यांनी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जे लोक इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिले, त्यांतले हजारो जण युद्ध हरल्यावर घरंदारं सोडून उत्तरेला आले. लॉयलिस्ट म्हणतात त्यांना. पुढे १८१२ च्या युद्धात अमेरिकन सैन्य कॅनडात घुसलं ते वेगळंच. म्हणजे आपल्याला जो नुसता भूगोल वाटतो तो त्यांच्या घरातला जुना वाद आहे. २००० साली तिथल्या एका बिअरच्या जाहिरातीत एक साधा तरुण स्टेजवर उभा राहून आपण काय काय नाही हे सांगत जातो आणि शेवटी 'मी कॅनेडियन आहे' म्हणून ओरडतो. जाहिरात बिअरची, पण पंचवीस वर्षांनंतरही माझ्या टीममधल्या लोकांना ती पाठ होती.

मी लीडला विचारलं, "पण खरंच इतका फरक आहे का? भाषा तीच, गाड्या त्याच, टीव्हीवर मालिका त्याच. हॉकीची लीगसुद्धा दोन देशांची मिळून एकच."

तो म्हणाला की त्याची सख्खी बहीण बफेलोला राहते, नायगाराच्या पलीकडे, गाडीने दोन तास. तिची मुलं अमेरिकन. त्यांच्यावर याचा जीव. "फरक कमी आहे म्हणूनच," तो म्हणाला. "तू उद्या जपानी माणसाला अमेरिकन म्हणालास तर तो हसेल. मला म्हणालास तर त्यात कोणाला काही खटकणारच नाही, हाच प्रॉब्लेम आहे."

हे मला पटलं. पण आमच्याच टीममध्ये कोलंबियाची एक टेस्टर होती. ती हे ऐकत होती आणि तिने खुर्ची वळवून सांगितलं की तुम्ही काय ते ठरवा, पण अमेरिकन मी पण आहे. शाळेत आम्हाला एकच खंड शिकवतात, अमेरिका, वरपासून खालपर्यंत. यांनी शब्द पळवला म्हणून मी का सोडू?

म्हणजे बघा. एकाच शब्दामुळे दोघं वैतागलेले. एक म्हणतो हा शब्द मला लावू नका. दुसरी म्हणते हा माझाही आहे, परत द्या. आणि ज्यांच्याकडे तो शब्द आहे त्यांना या भानगडीची खबरही नाही.

आपल्या मराठी लोकांनी मात्र तिथे हुशारी केली आहे. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या नावात 'उत्तर अमेरिका' आहे. 'उत्तर' हा एक शब्द घातला की टोरांटोचा जोशीही आत आणि शिकागोचा पाटीलही. गणपतीच्या वर्गणीपुरता प्रश्न सुटला.

असो. हे सगळं इतकं सविस्तर सांगतोय कारण त्या रात्री रूमवर आल्यावर माझ्या लक्षात आलं की या दोघांचीही दुखणी मला आहेत. एकाच वेळी. आणि त्यासाठी मला व्हिसा लागत नाही.

मी उरवड्याचा. उरवडे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे. पिरंगुटहून लवासाकडे जाताना लागतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पावसाळ्यात तिथून गाडी नेली असणार, वडापाव आणि मक्याची कणसं खाल्ली असणार, आणि गावाचं नाव वाचलं नसणार.

आधी कोलंबियाच्या टेस्टरवालं दुखणं. शाळेत आपण सगळे शिकलो की शिवाजी महाराजांचे मावळे बारा मावळांतून आले. ही बारा मावळं कुठली याच्या याद्या थोड्या इकडेतिकडे होतात, पण आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ यांच्याबरोबर पौड मावळ, मुठे खोरं, मोसे खोरं, गुंजण मावळ, हिरडस मावळ ही नावं असतातच. यांतला पौड म्हणजे आमच्या तालुक्याचं ठिकाण. मुठे खोरं म्हणजे आमच्या पलीकडचं. म्हणजे आम्ही सगळे, मुळशीवाले, भोरवाले, वेल्ह्याचे (आताचा राजगड तालुका), तितकेच मावळातले. पण सरकारी कागदावर 'मावळ' हे नाव एकाच तालुक्याला लागलं, वडगाव ज्याचं मुख्यालय आहे त्याला. झालं! आमच्या ऑफिसात तळेगावचा एक मित्र आहे. त्याला मी एकदा म्हटलं, मी पण मावळातलाच. तो इतक्या प्रेमाने हसला की मला राग आला. "अरे मावळ म्हणजे वडगाव, कामशेत, लोणावळा. तू मुळशीचा ना?" मी त्याला बारा मावळांवर दहा मिनिटं ऐकवलं, बाजी पासलकर मोसे खोऱ्याचे देशमुख होते तेही सांगितलं. तो म्हणाला, "असेल रे. पण मावळ म्हणजे मावळच."

त्याची चूक नाही. तो त्याच्या आधार कार्डावरचा पत्ता सांगत होता.

आता दुसरं, कॅनेडियन दुखणं. हे जास्त अवघड आहे कारण यात मी स्वतः अडकलोय.

आज्जीसाठी पुणं हे जायचं ठिकाण आहे. "पुन्याला गेला", "पुन्यास्नं आला". मंडईत जायचं, ससूनला जायचं, कोर्टात जायचं, आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. तिने उभ्या आयुष्यात स्वतःला पुणेकर म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. तिच्या लेखी पुणेकर म्हणजे शनिवारी-रविवारी चारचाकीतून येऊन बांधावर फोटो काढणारी आणि पाणी मागणारी माणसं.

मी मात्र इंजिनियरिंगच्या पहिल्या दिवसापासून 'पुणे' सांगत आलो. होस्टेलवर नांदेड-लातूरची पोरं होती, त्यांना पुणं म्हटलं की काम भागायचं. पण वर्गात अस्सल पुण्याचीही पोरं होती, आणि अस्सल पुणेकराला 'पुणे' म्हटलं की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला. "पुण्यात नक्की कुठे?" हा प्रश्न नाही, तो चेकपोस्ट आहे. पु.लं.नी पुणेकर व्हायच्या अटी सांगून ठेवल्यात, पण त्यात पेठेत जन्माला या ही अट गृहीतच आहे. मी म्हणायचो, "पौड रोडला." यात खोटं काही नाही. पौड रोड आमच्या पिरंगुटपर्यंत येतो. समोरचा समजायचा कोथरूड. मी समजू द्यायचो.

आणि २०१८ मध्ये, मी तिसऱ्या वर्षाला... नाही, शेवटच्या वर्षाला असताना 'मुळशी पॅटर्न' आला. पिक्चर चांगला आहे, जमिनी विकून बसलेल्या पोरांचं काय झालं ते सांगतो, आणि त्यातलं बरंचसं आम्ही डोळ्यांनी बघितलंय. पण त्यानंतर 'मुळशी' म्हटलं की समोरचा दोन पावलं मागे सरकून "काय भाऊ" करायला लागला. मग तर पुणेच बरं.

याच्यातला विनोद असा की आपण सगळे ज्याला 'पुण्याचं आयटी' म्हणतो ते हिंजवडी मुळशी तालुक्यात आहे. माण, मारुंजी, सगळं मुळशी. सातबाऱ्यावर तालुका मुळशी लिहिलेलं असतं. २०२५ पर्यंत तरी हिंजवडीला ग्रामपंचायतच होती. सदाशिव पेठेतला माझा टीममेट रोज दीड तास ट्रॅफिकमध्ये घालवून माझ्या तालुक्यात नोकरीला यायचा आणि मला विचारायचा, "तू रोज गावावरून येतोस?" २०२१ साली सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही मुळशीतली गावं पुणे महापालिकेत गेली. तिथली माणसं रात्री झोपली तेव्हा मुळशीकर होती आणि सकाळी पुणेकर होऊन उठली. टॅक्स सोडून बाकी काय बदललं ते त्यांनाच विचारा.

आणि पुण्याला आमची गरज नाही असंही नाही. टेमघर धरण मुळशीत, त्याचं पाणी खडकवासल्यात येऊन पुण्याच्या नळाला जातं. मुळशीचं धरण तर शंभर वर्षांचं. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी त्याच्याविरुद्ध सत्याग्रह केला, धरण झालंच, आणि वीज गेली मुंबईला. आमच्या तालुक्यातून बाहेर जाणाऱ्या गोष्टींची नावं बाहेर गेल्यावर बदलतात. मीही त्यातलीच एक, असं म्हणायला हरकत नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. ७ जून २०२१ ची गोष्ट सोडून.

दुसरी लाट ओसरत होती, महाराष्ट्रात त्याच दिवसापासून अनलॉक सुरू झालं होतं. सोमवार. मी वर्क फ्रॉम होम, म्हणजे उरवड्याच्या घरी, स्लॅबवर, कारण रेंज तिथेच यायची. दुपारी धूर दिसला. गावाच्या हद्दीतल्या एका केमिकल कंपनीला आग लागली होती. पहिल्यांदा वाटलं कुठेतरी कचरा जळतोय. मग धूर काळा होत गेला आणि मग आगीचे बंब. खाली माणसं रस्त्याने पळत होती. बाबा गेले, मला म्हणाले तू थांब आज्जीजवळ.

सतरा माणसं गेली. बहुतेक सगळ्या बायका. आसपासच्या गावांतल्या, काही बाहेरून पोटासाठी येऊन राहिलेल्या. काहींची ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली. त्यांतल्या काही जणी आईला चेहऱ्याने माहीत होत्या, सकाळी डबा घेऊन रस्त्याने जाताना दिसायच्या. नावं तिलाही माहीत नव्हती. ती त्या रात्री जेवली नाही, आणि सारखं म्हणत होती, "ती हिरव्या पिशवीवाली होती का गं त्यात?" घरात कोणाला विचारत होती कोण जाणे.

संध्याकाळी टीव्हीवर देशभर एकच पट्टी, पुण्यात केमिकल फॅक्टरीला आग. पंतप्रधानांनी दुःख व्यक्त केलं, केंद्राने दोन लाख जाहीर केले, राज्याने पाच लाख. सगळीकडे पुणे. त्या दिवशी आम्ही पुण्यात होतो.

साडेसातला आमचा स्टँडअप होता. तिकडे सकाळचे दहा. लीडने बातमी वाचली होती. कॉल सुरू झाल्या झाल्या त्याने बाकी सगळं बाजूला ठेवून मला विचारलं, "पुण्यात आग लागलीये, तू बरा आहेस ना? तुझ्या जवळपास आहे का?"

मी स्लॅबवर बसलो होतो. तिकडे अजून धूर होता, जळक्या प्लॅस्टिकसारखा वास येत होता. कॉलवर अकरा माणसं होती, त्यांतली सहा हिंजवडीच्या टीममधली, ज्यांना मी पौड रोड सांगितलं होतं.

मी म्हणालो, "नाही नाही. ते पुण्यात नाहीये. बाहेर आहे, लांब. इंडस्ट्रियल एरिया आहे तो."

तो म्हणाला, "थँक गॉड." आणि मग मी माझं अपडेट दिलं. काल काय केलं, आज काय करणार, ब्लॉकर काही नाही.

आता इतकी वर्षं झाली. मी काही खोटं बोललो का? शब्दाशब्दाने बघितलं तर नाही. उरवडे पुण्यात नाही, बाहेरच आहे. कुठल्याही अस्सल पुणेकराने हेच सांगितलं असतं, आज्जीनेही. फक्त एवढंच की सहा वर्षं 'मी पुण्याचा' म्हणणाऱ्या माणसाने नेमक्या त्याच संध्याकाळी भूगोल अचूक सांगितला.

टोरांटोला असताना लीड मला त्याच्या त्या शब्दाबद्दल सांगत होता तेव्हा मला हे सांगायचं होतं. नाही सांगितलं. कॅनेडियानो प्यायलो आणि विषय हॉकीवर नेला.

तो गेल्या डिसेंबरात हिंजवडीला आला, पहिल्यांदाच. आठवडाभर मीटिंगा, आणि शनिवारी मोकळा. टीममधल्या लोकांनी शनिवारवाडा, सिंहगड, एफसी रोड असा प्लॅन केला होता. त्याने मला विचारलं, तुझं घर कुठेय? त्याला वाटलं ऑफिसजवळ असेल. मी म्हटलं, चल.

चांदणी चौकातून निघालो. भूगाव येईपर्यंत त्याने दोनदा विचारलं, हे अजून पुणेच का? मी पहिल्यांदा हो म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं माहीत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटिंगचे बोर्ड, त्या सगळ्यांवर 'पुण्यात'. पिरंगुट ओलांडून आत वळलो तेव्हा मी गाडी जरा हळू केली आणि त्याला सांगितलं. ती आग, तू विचारलं होतंस ती, ती इथे लागली होती. मी इथेच होतो. त्या बाजूला माझं घर.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला आठवतंय. मी थँक गॉड म्हणालो होतो." आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मीही आणखी काही बोललो नाही.

घरी आईने पिठलं-भाकरी आणि ठेचा केला होता. त्याने ठेचा खाल्ला, म्हणजे खाल्ला असं म्हणू, नाकाडोळ्यांतून पाणी काढत. आज्जी त्याच्याकडे निरखून बघत होती. शेवटी तिने मला विचारलं, "ह्ये पावणं आमेरिकेचं का?"

त्याला एवढ्यातला एकच शब्द कळला. त्याने घास थांबवला, माझ्याकडे बघितलं. मी हात वर केले. तूच सांग.

तो आज्जीकडे वळून हळूहळू म्हणाला, "कॅ-न-डा."

"त्येच त्ये," आज्जी म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

निघताना त्याने अंगणातून डोंगराचा फोटो काढला आणि बहिणीला पाठवायला घेतला. मी बाजूलाच उभा होतो, स्क्रीन दिसत होती. खाली त्याने 'पुणे' टाईप केलं, मग थांबला, खोडलं आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याला उरवड्याचं स्पेलिंग सांगितलं.